प्लॅन वाढवण्याआधी: फ्लॅटमधला राउटर हलवणं आणि वायर ओढणं

घरातलं इंटरनेट रखडायला लागलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कंपनीला फोन लावून मोठा प्लॅन घेतात, नाहीतर सहा अँटेनांचा नवा राउटर आणतात. पैसे जातात आणि आतल्या बेडरूममधला व्हिडिओ कॉल तसाच अडकत राहतो. फायबरच्या जोडणीत दारापर्यंत वेग बहुधा पूर्ण आलेला असतो. तो पुढे घरातच हरवतो, आणि नेमका कुठे हरवतो हे अर्ध्या तासात शोधता येतं.

इथे डोळ्यांसमोर धरलंय ते आपल्याकडचं नेहमीचं टू बीएचके: साडेसहाशे-सातशे चौरस फूट, आरसीसीचा सांगाडा, आतल्या भिंती चार इंची, फायबर मुख्य दारावरून आत आलेलं आणि कंपनीची पेटी दारामागे चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या पाठीमागे ठेवलेली. बंगला किंवा कोकणातलं घर असेल तर काही गोष्टी बदलतात. त्या शेवटी येतील.

आधी मोजा

लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या पेटीला जोडा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, घरातले बाकी फोन आणि टीव्हीही थोडा वेळ बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. हे एकदा सकाळी करा, एकदा रात्री नऊच्या सुमाराला. आकडा प्लॅनच्या जवळ आला तर लाइन ठीक आहे. सकाळी बरोबर आणि रात्री निम्मा येत असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. घरात काहीही हलवून ती कमी होणार नाही. दोन्ही वेळा कमी आला तर पेटीच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, हा आकडा बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगला (डीबीएम हे जोराचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका जोर कमी). उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर फायबर कुठेतरी दबलं आहे, वाकलं आहे किंवा त्याचं टोक मळलं आहे. टोक स्वतः पुसत बसू नका, त्यात डोकावून तर अजिबात बघू नका. तक्रार नोंदवताना हा आकडा सांगा, माणूस लवकर येतो.

एक गोंधळ इथेच मिटवलेला बरा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटने उतरत असेल तर सगळं जिथल्या तिथे आहे.

९४ चा आकडा

प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि केबलवरसुद्धा टेस्ट ९३-९५ च्या वर जात नाही, ही तक्रार इतकी ठरावीक आहे की फोनवरच निदान करता येतं: मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा अडसर आहे. चार जागा तपासा.

पहिली जागा, राउटरचा पोर्ट. खोक्यावर ‘३०० एमबीपीएस’ छापलेलं असतं तो वाय-फायचा कागदी वेग. अशा राउटरचे मागचे पोर्ट १०० चेच असतात. ‘एसी १२००’ लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त राउटरचीही हीच कथा. माहितीपत्रकात ‘गिगाबिट’ (म्हणजे १००० एमबीपीएस) किंवा ‘१०/१००/१०००’ हे शब्द दिसले तरच विश्वास ठेवा.

दुसरी, केबल. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला आठही लागतात. तारा वाचवण्यासाठी चारच जोडलेल्या केबल जुन्या घरांत अजून सापडतात. आठ जोडलेल्या केबलमध्येही उरलेल्या चारांपैकी (४, ५, ७, ८) एक तार तुटली की दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठलाही इशारा येत नाही, नेट चालूच राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी, लॅपटॉपला लावलेला यूएसबी-लॅन अडॅप्टर. तो १०० चा असू शकतो. चौथी, मधला जुना स्विच, म्हणजे एका केबलवर अनेक यंत्रं जोडणारा डबा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०००/१००० दिसायला हवं. एकेक गोष्ट बदलून हा आकडा बघत जा, चोर सापडतो. टीव्हीचा लॅन पोर्ट मात्र बहुतेक मॉडेलमध्ये १०० चाच असतो आणि त्याने काही बिघडत नाही. फोर-के सिनेमाला २५ एमबीपीएस पुरतात.

राउटर कुठे ठेवायचा

लहरींना हवा आवडते, भिंत चालवून घेतात, पाणी आणि धातू सहन होत नाही. आपल्या घरांत हे दोन्ही भरपूर. लोखंडी कपाट, फ्रीज, बाथरूममधला मोठा आरसा (त्याच्या पाठीवर धातूचा मुलामा असतो), माळ्यावरची पाण्याची टाकी, माशांचं टाकं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सळयांनी भरलेला आरसीसीचा खांब किंवा लिफ्टच्या डक्टची भिंत. राउटर आणि काम करण्याची जागा यांच्यामध्ये मनातल्या मनात दोरी ताणा. ती यांपैकी कशातून जात असेल तर राउटर तीन फूट बाजूला सरकवूनही फरक दिसतो. भिंतीतून तिरकं जाणं टाळा. चार इंची भिंत तिरकी ओलांडताना लहरींना दहा-बारा इंच विटांतून जावं लागतं.

टू बीएचकेत चांगली जागा सहसा पॅसेजमध्ये असते: हॉल आणि दोन्ही बेडरूमची दारं जिथून दिसतात तिथे, जमिनीपासून सहा-सात फुटांवर, भिंतीला टांगून. दारावर लॉफ्ट असेल तर त्याच्या कडेला लावा, आत ढकलू नका. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर नकोच, तिथे लहरीही अडतात आणि राउटर तापून मंदही होतो. वाय-फाय २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं आणि मायक्रोवेव्ह त्यांतल्या २.४ च्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून राउटर ठेवू नये.

अँटेना उभी असेल तर लहरी तिच्याभोवती आडव्या पसरतात, मेदूवड्याच्या आकारात. टोकाच्या दिशेला जवळजवळ काही जात नाही. एका मजल्याच्या घरात सगळ्या अँटेना उभ्या ठेवा. वर खाली दोन मजले असतील तर एक आडवी करा. पंख्यासारख्या तिरक्या फाकवलेल्या अँटेना फोटोत छान दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग.

जागा ठरवताना अंदाजावर जाऊ नका. फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं फुकट ॲप घ्या आणि प्रत्येक खोलीत सिग्नल वाचा. उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर, उणे ७५ ला अडखळायला सुरुवात, उणे ८० ला नुसत्या कांड्या दिसतात, काम होत नाही. फोन हातात धरून नव्हे, जिथे वापरणार त्या टेबलावर ठेवून बघा. हातसुद्धा पाण्याचाच असतो.

आता अडचण ही, की फायबर दारात संपतं आणि पॅसेज वीस फूट आत. कंपनीची पेटीच हलवायची तर फायबरची लांब पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली तयार केबल) लागते. टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर नवीनही हिरवाच हवा, निळा चालत नाही. फायबरचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान करू नये आणि खिळ्याखाली दाबू नये. दुसरा मार्ग सोपा आणि टिकाऊ: पेटी दारातच राहू द्या, तिचं वाय-फाय बंद करा आणि तिथून एक लॅन केबल पॅसेजमधल्या चांगल्या राउटरपर्यंत न्या.

चॅनेलबद्दल, म्हणजे पट्ट्यातल्या ज्या भागात राउटर बोलतो त्याबद्दल, थोडक्यात. सोसायटीत शेजारचे वीस-पंचवीस राउटर सहज दिसतात. २.४ गीगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा; ४० केली तर शेजाऱ्यांचा गोंगाट दुप्पट ऐकू येतो. ५ गीगाहर्ट्झवर रुंदी ८०, चॅनेल ३६ किंवा १४९. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर; दूरचा कॅमेरा, स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच २.४ वर. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली तर कोण कुठे जोडलंय ते कळतं. एकाच खोलीत ५ गीगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा साधा फोन ४५०-६०० एमबीपीएस गाठू शकतो, २.४ वर तोच फोन ६० ते ९० च्या पुढे क्वचित जातो.

जे हलत नाही ते वायरवर

टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंगचा डबा, ऑफिसच्या टेबलावरचा लॅपटॉप, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर: ही मंडळी जागची हलत नाहीत. त्यांना वायर द्या. त्यांचा वेग तर सुधारतोच, शिवाय हवा मोकळी होते आणि फोनचं वाय-फायही सुटसुटीत चालतं.

केबल ‘कॅट ६’ प्रतीची, शुद्ध तांब्याची, आतली तार सलग एकेरी असलेली. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, पण भिंतीत घालायची वस्तू परत परत बदलत नाहीत. फरक थोडा आहे, कॅट ६ च घ्या. ती ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट पेलते, म्हणजे कुठल्याही फ्लॅटला पुरून उरते. बाजारात ‘सीसीए’ नावाने मिळणारी केबल म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती ठिसूळ असते, रोध जास्त असतो, कनेक्टरमध्ये सैल पडते आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली तर तापते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर परत द्या. चपटी केबल गालिच्याखालून पाच-सात मीटर न्यायला ठीक, कायमच्या कामाला नको.

मार्ग शोधताना आधी भिंतीतला केबल टीव्हीचा पाइप आठवा. बहुतेक इमारतींत हॉलपासून बेडरूमपर्यंत तो घातलेला असतो आणि आत जाड काळी किंवा पांढरी केबल निकामी पडून असते. तीच तुमची ओढायची दोरी. तिच्या टोकाचं आवरण सहा इंच सोला, लॅन केबलच्या तारा मागेपुढे कापून निमुळतं टोक करा, दोन्ही गुंफा आणि चिकटपट्टी घट्ट, गुळगुळीत गुंडाळा. सोबत नायलॉनची बारीक दोरी बांधा. पुढच्या वेळी कामाला येते. केबलला टाल्कम पावडर चोळा. एकाने एका टोकाकडून ढकलायचं, दुसऱ्याने हळू ओढायचं, दोघांनी ओरडून बोलत राहायचं. अकरा किलोपेक्षा जास्त ताण दिला की आतला पीळ बिघडतो. अडलं तर हिसका देऊ नका, दोन फूट मागे घेऊन फिरवून पुन्हा सोडा. तरी हललं नाही तर एल्बोमध्ये (पाइपच्या वळणाच्या तुकड्यात) प्लास्टर उतरलेलं असतं, तो पाइप सोडून द्या.

विजेच्या पाइपमध्ये कितीही जागा दिसली तरी लॅन केबल घालायची नाही. २३० व्होल्टच्या तारेचं आवरण कुठे घासलेलं असेल तर तो दाब थेट लॅपटॉपपर्यंत पोचतो. भिंतीवरूनही दोन्ही शेजारी शेजारी न्यायच्या असतील तर फूटभर अंतर ठेवा. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. पाइप नसेल तर पीव्हीसीची केसिंग पट्टी स्कर्टिंगच्या वरून किंवा दाराच्या चौकटीच्या कडेने न्या. भिंतीच्याच रंगात रंगवली की महिन्याभरात दिसेनाशी होते.

भोक पाडायचं ते विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत. खांब आणि बीम यांना हात लावायचा नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली वायरिंग असतं, तो उभा पट्टा टाळा. नुसत्या केबलला १० मिमीचं बिट पुरतं. कनेक्टर लावलेली तयार केबल ओवायची तर १६ मिमीचं लागतं. म्हणून आधी ओढा, मग टोक लावा. बाहेरच्या भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून चालत आत येतं.

टोकं लावताना घाई करू नका, निम्मे घोटाळे इथे होतात. भिंतीतल्या केबलला थेट कनेक्टर मारण्यापेक्षा फेसप्लेटमधला आयओ (भिंतीवरचा लॅनचा सॉकेट) लावणं चांगलं, आणि तिथून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड. रोज हलणारा भाग मग बदलता येतो. आयओवर रंगांची खूण छापलेली असते. ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन क्रम असतात; दोन्ही टोकांना ‘बी’ची पट्टी धरा. तारांचा पीळ शेवटपर्यंत ठेवा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. पंचिंग टूलची (तारा आयओत खोवायच्या अवजाराची) कापणारी बाजू बाहेर.

कनेक्टर क्रिम्प करायचा (पकडीने दाबून बसवायचा) असेल तर खिट्टी खाली, केबल घालायचं तोंड आपल्याकडे. डावीकडून क्रम असा:

१. पांढरा-केशरी
२. केशरी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

तारा सरळ करून एका रेषेत कापा, आठही टोकं कनेक्टरच्या नाकापर्यंत पोचलेली पारदर्शक भिंतीतून दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण आतल्या पाचरीखाली दाबलं गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर वर्षभरात टोक सैल होतं.

बरेच जण दोन्हीकडे सारखाच पण स्वतःच्या मनाचा क्रम लावतात: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि तरी नेट तुटत राहतं. कारण ३ आणि ६ ही एक जोडी असायला हवी. मनाच्या क्रमात त्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांतून येतात आणि एकमेकींचा गोंगाट रद्द करू शकत नाहीत. टेस्टर तार सलग आहे एवढंच सांगतो. शेवटची परीक्षा लिंक स्पीडची: १००० दिसतंय का, आणि लॅपटॉपवरून राउटरला पिंग केल्यावर (छोटा संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजल्यावर) एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येतंय का.

जुन्या राउटरला दुसरी नोकरी

मागच्या बेडरूममध्ये एक वायर पोचली की तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे त्याच नेटवर्कचं वाय-फाय पुढे पसरवायला, लावता येतो. सेटिंगमध्ये तसा ‘मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर हाताने करायचं. जुना राउटर मुख्य नेटवर्कपासून तोडून लॅपटॉपला जोडा. मुख्य पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मुख्य पेटी वाटत असलेल्या पत्त्यांच्या यादीत हा नाही ना, ते पाहून घ्या. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच, चॅनेल वेगळा. मग भिंतीतून आलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन पोर्ट (एरवी इंटरनेटची केबल घालायचा) रिकामा ठेवायचा. केबल वॅनमध्ये गेली तर घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात आणि हॉलमधल्या फोनला बेडरूममधला प्रिंटर सापडत नाही.

फोन जुन्या राउटरला चिकटून राहतो, पॅसेज ओलांडला तरी सोडत नाही, अशी तक्रार आली तर दोन्हींची ट्रान्समिट पॉवर ‘मीडियम’वर आणा. आवाज कमी केला की फोन जवळचा ऐकतो.

पोर्ट कमी पडले तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या, त्याला सेटिंग काही नसतं. एकच पथ्य: एकाच स्विचला आणि राउटरला दोन केबलनी जोडू नका. फेरा तयार होतो आणि दिवे वेड्यासारखे लुकलुकत सगळं नेटवर्क बसतं.

वायर नेणं खरंच अशक्य असेल तेव्हाच मेश (एकमेकांशी हवेतून बोलणारे राउटरचे डबे), आणि तेही दोन डबे एकमेकांना उणे ६५ डीबीएमच्या आत दिसतील असे ठेवून. प्लगमध्ये खुपसायचा एक्स्टेंडर त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. जिथे सिग्नल मुळातच मेलाय तिथे तो लावला तर मेलेलाच सिग्नल पुढे पाठवतो.

बंगला, जांभ्याची भिंत आणि वीज

जांभ्याच्या फूटभर भिंतीतून, त्यातही पावसाळ्यात ती ओल धरून असताना, ५ गीगाहर्ट्झची अपेक्षाच ठेवू नका. अशा घरात दर दोन खोल्यांमागे एक वायर आणि एक ॲक्सेस पॉइंट हाच हिशेब. पडवीत लावायचा असेल तर बाहेरच्या वापराचा घ्या.

मागच्या आउटहाउसला, गच्चीवरच्या खोलीला किंवा शेजारच्या इमारतीला उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. वळवाच्या दिवसांत जवळपास कुठेही वीज पडली तरी त्या लांब तारेत दाब चढतो आणि एका क्षणात राउटर, स्विच, टीव्हीचा पोर्ट सगळे जातात. तिथे फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज येत नाही. मात्र फायबरच्या ड्रॉप केबलला (बाहेरून घरापर्यंत येणाऱ्या केबलला) आधारासाठी बरेचदा पोलादी तार असते, आणि ती घेऊन फायबर थेट पेटीपर्यंत आणलं तर काचेचा फायदा वाया गेला. ती तार घराबाहेरच, भिंतीवरच्या हुकाला गुंडाळून कापून टाका, आत फक्त फायबर येऊ द्या. नवीन टाकत असाल तर आधाराला धातूऐवजी फायबरग्लासची काडी असलेली केबल मागून घ्या.